हातभर समुद्रात कोण नांदेल?

विश्रांतवाडीहून समुद्र गाठायचा तर गाडीने दीडशे किलोमीटर जावं लागतं आणि वाटेत घाट उतरावा लागतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, नळाला येणारं पाणी धरणाचं, गोडं. तरीही आळंदी रस्त्यावरच्या किंवा धानोरीकडच्या एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी उत्तम चालू शकते. मीठ पिशवीतून मिळतं, पाणी आरओ यंत्रातून शुद्ध करता येतं, दिवे आणि पंप दुकानात मिळतात. मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून, थर्माकोलच्या खोक्यांत बंद होऊन येतात. त्यातले कोणते घ्यायचे, हे मात्र घेणाऱ्यालाच ठरवावं लागतं, आणि लहान टाकी टिकणार की सहा महिन्यांत रिकामी होणार, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

काचेआडच्या समुद्राची मराठी माणसाची ओळख बहुधा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे झाली. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते मरीन ड्राइव्हवर सुरू झालं, म्हणजे खाऱ्या पाण्याचा साठा अगदी दारात. अशा मत्स्यालयातल्या मोठ्या टाक्यांमधली रंगांची गर्दी डोळ्यांत साठवून माणूस दुकानात जातो आणि तशीच गर्दी दोन फुटी टाकीत करू बघतो. पण ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकीत काठोकाठ १२१ लिटर पाणी मावतं. वरची रिकामी जागा, तळाची वाळू आणि खडक वजा केले की हातात उरतं शंभर लिटरच्या आसपास.

एवढ्या पाण्यात गप्पी किंवा मॉली असते, तर आणखी चार सोडले तरी चाललं असतं. सागरी माशांच्या बाबतीत ती सवलत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि पाण्याचा सामू (पीएच) जितका जास्त, तितका त्यातला विषारी वाटा वाढतो. खाऱ्या टाकीचा सामू ८.१ ते ८.४ असावा लागतो, म्हणजे तेवढाच अमोनिया इथे अधिक जाचतो. शिवाय समुद्राचं पाणी माशाच्या शरीरातल्या द्रवापेक्षा खारट असल्यामुळे माशाच्या अंगातून पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो दिवसभर पाणी पितो, मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. मिठाचं प्रमाण अचानक बदललं की या कामात त्याची दमछाक होते. अनुभवी हौशी लोक शंभर लिटरला चार, फार तर पाच लहान मासे सांगतात, ते यामुळेच.

मग हे चार मासे कोणते? रंग, किंमत किंवा दुकानातला आकार ही मापं इथे फसवतात. खरा प्रश्न असा विचारावा: हा मासा खऱ्या समुद्रात केवढी जागा वापरतो? काही मासे प्रवाळखडकावर दिवसाकाठी शेकडो मीटर फिरतात. काहींचं सगळं आयुष्य एका बिळाशी, एका कपारीशी जातं. हातभर टाकीत नांदतात ते हे दुसरे.

मुळातच घरकोंबडे

पहिला मान क्लाउनफिशचा. २००३ सालच्या सिनेमापासून घरोघरी ‘निमो’ म्हणून ओळखला जाणारा हा ॲम्फिप्रिऑन ओसेलारिस आठ-नऊ सेंटिमीटरवर थांबतो. समुद्रात तो एका समुद्रफुलाच्या आसऱ्याने राहतो आणि तिथून फारसा हलत नाही. त्याची कुटुंबपद्धती खरेदीच्या वेळी उपयोगी पडते. गटात सर्वांत मोठी असते ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नर आणि बाकी सगळे अप्रौढ. मादी मेली की नराचीच मादी होते आणि पुढचा मासा नर म्हणून वयात येतो. म्हणून दोन लहान मासे घ्यावेत, एक थोडा मोठा, एक थोडा छोटा. जोडी आपोआप जमते. तिसरा घेऊ नये, लहान टाकीत त्याला पळायला जागा मिळत नाही.

क्लाउनफिश घेतला की समुद्रफूलही हवं, असा समज आहे. त्याची गरज नाही. समुद्रफुलाला प्रखर उजेड आणि बरेच महिने मुरलेली टाकी लागते. मनासारखी जागा सापडेपर्यंत ते सरकत राहतं, वाटेतल्या प्रवाळांना डंख करतं, कधी पंपात ओढलं जातं आणि मेलं तर सगळं पाणी नासवतं. क्लाउनफिशची जोडी टाकीतला एखादा कोपरा किंवा मऊ प्रवाळाचा झुबका आपलासा करून सुखाने राहते.

दुसरा उमेदवार तळाचा. यलो वॉचमन गोबी हा दहा सेंटिमीटरचा पिवळा मासा, अंगावर बारीक निळे ठिपके, ओठ जाड, डोळे वर आलेले. त्याच्यासोबत पिस्तूल कोळंबी सोडली तर टाकीतला सर्वांत रंगतदार संसार बघायला मिळतो. कोळंबीची नजर अधू असते, पण खणण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. ती पुढच्या नांग्यांनी वाळू, शिंपल्यांचे तुकडे ढकलत बिळाबाहेर आणते आणि बाहेर असेपर्यंत एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. गोबी दाराशी बसून पहारा करतो. धोका दिसला की शेपटी झटकन हलवतो, कोळंबी उलट्या पावली आत जाते, मागोमाग तोही. बीळ तिचं, डोळे त्याचे. या जोडीसाठी चार-पाच सेंटिमीटर वाळू लागते आणि खडक वाळूवर न ठेवता थेट काचेच्या तळावर बसवावे लागतात. नाहीतर एके दिवशी कोळंबी खालची वाळू उपसते आणि वरचा खडक कोसळतो.

मधल्या थरासाठी रॉयल ग्रामा किंवा फायरफिश. रॉयल ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, पुढून जांभळा, मागून पिवळा, आठ सेंटिमीटरचा. तो एखादी कपार धरून राहतो आणि तिच्या छताखाली चक्क उलटा तरंगतो. आपल्या कपारीसाठी तो तोंड वासून दाखवतो, पण सहसा त्यापुढे जात नाही. टाकीत एकच ठेवावा. फायरफिश त्याहून भित्रा. पांढरट पुढचं अंग, लालबुंद मागची बाजू, पाठीवर लांब तुरा. बिळावर तरंगत पाण्यासोबत वाहत आलेलं खाणं टिपायचं आणि सावली पडली की बिळात शिरायचं, हा त्याचा दिनक्रम. बीळ सापडलं नाही तर तो वर उसळतो आणि थेट जमिनीवर पडतो. टाकीवर बारीक जाळीचं झाकण नसेल तर फायरफिश घेऊच नये.

बांगाई कार्डिनल हा चंदेरी, काळ्या पट्ट्यांचा मासाही लहान टाकीत रमतो. इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई द्वीपसमूहाखेरीज तो मुळात कुठेच नव्हता. नर अंडी तोंडात धरून तीन आठवड्यांच्या आसपास उपाशी राहतो आणि पिल्लं बाहेर पडल्यावरही काही दिवस त्यांना तोंडातच सांभाळतो. एका वेळी पिल्लं थोडी, मुलूख लहान आणि मत्स्यालयांची मागणी मोठी, त्यामुळे २००७ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला संकटग्रस्त ठरवलं. तो घ्यायचा असेल तर टाकीत पैदास झालेलाच घ्यावा, समुद्रातून पकडलेला नको.

चौघांत जागा उरली तर पाच सेंटिमीटरचा निऑन गोबी. तो इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपतो, कोणाच्या वाटेला जात नाही आणि त्याची पैदास टाकीत सहज होते.

मोह पाडणारे पाहुणे

दुकानात नजर प्रथम जाते ती निळ्या टँगवर, म्हणजे सिनेमातल्या डोरीवर. तिथे तो बोटाएवढा असतो, पण वाढून तीस सेंटिमीटरपर्यंत जातो. समुद्रात त्याचा दिवस पोहण्यात आणि चरण्यात जातो. दोन फुटी टाकीत तो काचेच्या कडेने येरझाऱ्या घालतो, खचतो आणि अंगावर रोगाचे पांढरे ठिपके उठायला वेळ लागत नाही. ‘लहान आहे तोवर ठेवू, मग बघू’ हा बेत जवळजवळ कधीच पार पडत नाही.

मँडरिनची गोष्ट वेगळी. आकाराने तो टाकीत बसतो, स्वभावाने गरीब, रंग तर रेशमी नक्षीकामासारखे. पण तो दिवसभर खडकावरचे जिवंत, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड एकेक करून टिपतो आणि कोरड्या दाण्याला सहसा तोंड लावत नाही. शंभर लिटरच्या टाकीतला साठा काही आठवड्यांत संपतो. मग भरल्या टाकीत तो उपासमारीने मरतो. पोट खपाटीला जाईपर्यंत मालकाच्या लक्षातही येत नाही.

डॅमसेल स्वस्त आणि काटक म्हणून पहिला मासा म्हणून विकला जातो. पूर्वी नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होईपर्यंत तो सोसायला डॅमसेलच सोडत. माशाला यातना देणारी ही पद्धत आता सोडून द्यायला हवी, कारण बाटलीबंद अमोनियाने तेच काम होतं. त्यातला डॉमिनो, काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला, वाढला की सगळी टाकी स्वतःची समजतो आणि नंतर सोडलेल्या प्रत्येक माशाला हाणतो. त्याला बाहेर काढायचं तर सगळे खडक उपसावे लागतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बहुतेक बटरफ्लायफिश प्रवाळांचेच लचके तोडतात. लायनफिशचे काटे विषारी आणि तोंडात मावेल तो मासा त्याचा घास. क्लीनर रॅसला पोट भरायला खूप माशांच्या अंगावरचे परजीवी लागतात, चार माशांवर त्याचं भागत नाही. हिरवे क्रोमिस थव्याने विकतात, पण लहान टाकीत दुबळ्याला सगळे मिळून टोचतात आणि सहांचे एक-दोन उरतात.

मासा आला कुठून?

निवडीचा हा भाग दुकानात सहसा कोणी विचारत नाही, आणि तो विचारायलाच हवा. प्रवाळखडकांमधले मासे सहज हाती लागावेत म्हणून फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सायनाइड फवारण्याची पद्धत सुरू झाली आणि आसपासच्या देशांत पसरली. गुंगीत आलेला मासा हाती लागतो, भोवतालचं प्रवाळ मरतं आणि वरवर धड दिसणारा तो मासाही नंतर काही दिवसांत दगावू शकतो.

क्लाउनफिशच्या बाबतीत याला पर्याय कधीच उभा राहिला आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकात क्लाउनफिश आणि निऑन गोबी यांची व्यापारी पैदास करून दाखवली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मंडपम आणि विळिंजम इथल्या केंद्रांनी क्लाउनफिशच्या अनेक जातींची पैदास साधली. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने नवी मुंबईत ऐरोलीला सागरी शोभिवंत माशांचं बीजोत्पादन केंद्र उभारलं. त्यामागचा विचार असा की खाडीकाठच्या लोकांना कांदळवन न तोडता कमाईचं साधन मिळावं. पिल्लं त्यांनी वाढवायची आणि विकायची. याच ब्यूरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरच्या महिलांना शोभिवंत सागरी कोळंबी वाढवायला शिकवली.

क्लाउनफिशला हे जमतं, टँगला कठीण जातं, त्याचं कारण अंड्यांत आहे. क्लाउनफिशची मादी अंडी दगडाला चिकटवते, नर आठवडाभर पंखांनी त्यांना वारा घालतो आणि अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात. ती जन्मतःच रोटिफरसारखे सूक्ष्म जीव खाण्याइतकी मोठी असतात. टँगची अंडी अतिशय बारीक आणि पाण्यावर तरंगणारी. पिल्लं कित्येक आठवडे खुल्या समुद्रात वाहत राहतात, आणि ते दिवस टाकीत निभावणं फार जिकिरीचं. म्हणजे लहान टाकीत नांदणारे बरेच मासे नेमके तेच आहेत, ज्यांची पैदास घरगुती पाण्यात होते. हौशी माणसाला याहून सोयीचं काय असावं? टाकीत जन्मलेला मासा दाण्याला सरावलेला असतो, अंगावर परजीवी कमी आणि समुद्रातून एक मासाही कमी होत नाही.

पैदास झालेला म्हणजे आपोआप लहान टाकीला योग्य, असं मात्र नव्हे. मरून क्लाउन किंवा सेबे क्लाउनचीही भारतात पैदास झाली आहे, पण हे वाढून पंधरा सेंटिमीटरच्या आसपास जातात आणि मरून तर भांडकुदळ म्हणूनच प्रसिद्ध आहे. जातीचं पूर्ण नाव विचारावं, ‘क्लाउन आहे’ एवढ्यावर थांबू नये.

प्रवाळांबाबत कायदा कडक आहे. रीफ बांधणारी प्रवाळं आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापासून शंभरावर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेल्या आंग्रिया बँकेवर प्रवाळांचं मोठं पठार आहे. या ठेव्याची किंमत सरकारदरबारीही मानली जाते. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या आड आलेल्या वरळी आणि हाजीअलीच्या मोजक्या १८ प्रवाळ वसाहती हलवायलासुद्धा पालिकेला वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्या दुसरीकडे नेल्या. कोणी ‘आपल्याच किनाऱ्यावरचं’ म्हणून जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळखडक विकत असेल तर तिथून निघून यावं. कोरडा कृत्रिम खडक टाकीत काही महिन्यांत जिवाणूंनी भरतो आणि जिवंत खडकाचंच काम करतो.

पुण्याचं पाणी, पुण्याचा उन्हाळा

टाकीचं पाणी नळाचं चालत नाही. त्यातलं क्लोरिन माशांना घातक, आणि बोअर किंवा टँकरच्या पाण्यातले क्षार, नायट्रेट, सिलिकेट शेवाळ माजवतात. स्वयंपाकघरातलं आरओ पुरेल असं वाटतं. पण पाण्याला चव यावी म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळणारी व्यवस्था बऱ्याचदा असते. टाकीसाठी उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन जोडलेलं आरओ हवं, टीडीएस शून्याजवळ. अशा एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं कृत्रिम समुद्रमीठ. किनाऱ्यावरून कॅनमध्ये भरून आणलेल्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असण्याची धास्ती राहते.

तापमान २५ ते २७ अंशांत राहावं. पुण्याचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते आणि ही कोरडी हवा कामाला येते. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका लागू पडत नाही. दुपारी खोली फार तापत असेल तर चिलरला पर्याय नाही. उडालेली वाफ पाण्याची असते, मीठ टाकीतच राहतं, म्हणून रोजची घट आरओच्या गोड्या पाण्यानेच भरायची. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी हीटर. आणि देखभालीसाठी वीज किंवा पाणी बंद राहणारा पुण्याचा गुरुवार लक्षात घेऊन बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि दोन कॅन तयार पाणी घरात असावं. मासे मोजके असले की असे चार तासही टाकी निभावून नेते.

दुकानातली पाच मिनिटं

मासा निवडला तरी समोरचा नेमका नग निवडायचा उरतो. दुकानदाराला आधी खायला घालायला सांगावं. खात नसलेला मासा घेऊ नये. पोट आत गेलेलं, डोळे धुरकट, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत असतील, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर तो मासाच काय, त्या टाकीतला कोणताही मासा घेऊ नये, कारण पाणी एकच असतं. नुकताच आलेला मासा आठवडाभर दुकानातच राहू द्यावा, हवं तर आगाऊ पैसे भरून.

घरी आणल्यावर चार आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत. पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषध प्रवाळांना आणि कोळंबीला मारतं, ते मुख्य टाकीत कधीच घालता येत नाही. उपचार व्हायचे ते या बाजूच्या टाकीतच. मुख्य टाकीत सोडताना क्रम भित्र्याकडून धीटाकडे: आधी फायरफिश किंवा गोबी, मग रॉयल ग्रामा, सर्वांत शेवटी क्लाउनची जोडी. दोन प्रवेशांमध्ये तीन-चार आठवडे, म्हणजे वाढलेला अमोनिया पचवायला जिवाणूंना वेळ मिळतो.

पुण्यात टाकी मांडायला जून चांगला. उन्हाळा सरलेला असतो आणि जिवाणूंची साखळी बसायला लागणारे पाच-सहा आठवडे पावसात निघून जातात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की श्रावणात पहिला गोबी, दसऱ्याच्या सुमाराला ग्रामा, दिवाळीनंतर क्लाउनची जोडी. थंडीत एक-दोन मऊ प्रवाळं. पुढचा एप्रिल तापू लागेपर्यंत टाकी मुरलेली असते, मासे आपापल्या कपारीला सरावलेले असतात, आणि चिलर घ्यायचा की पंख्यावर भागेल, हे मार्चमधल्या थर्मामीटरच्या नोंदींवरून ठरवता येतं.